पाणी जोखणारी

रोज सकाळी सहाला
मी धरणाची लोखंडी शिडी उतरते
आणि पट्टी वाचते.
पांढऱ्या इनॅमलवर काळे आकडे,
दर सेंटिमीटरला रेघ.
माझ्याआधी हे काम वडिलांचं.
त्यांच्या वहीत आकड्याशेजारी
कधीमधी एखादा शब्दही सापडतो :
वारा.
दोन बदकं.
झूराकानला ताप.

झूराकान म्हणजे मी.
त्या दिवशी पाणी एकेचाळीसवर होतं.

पट्टीच्या पायथ्याच्याही खाली
आमचं गाव आहे.
शाळा, पिठाची गिरणी, तुतीची रांग.
थडगी तेवढी टेकडीवर हलवली,
तीही ज्यांना मागे कोणी होतं त्यांची.

डोंगरात अस्सानाली काका मेंढ्या चारतात.
बर्फाची जीभ जिथे संपते तिथल्या धोंड्यावर
त्यांनी तरुणपणी लाल रंगाने घोडीचं नाव लिहिलं.
तेव्हा धोंड्याला टेकून बर्फ चाखता यायचा.
आता त्याच धोंड्यापासून निघालं
तर बर्फ गाठेपर्यंत
चहाची किटली दोनदा ठेवावी लागते.

तीन वर्षांमागे उन्हाळा असा पेटला
की नारीन नदी राखाडी, पिठूळ, फुगलेली,
आणि धरण काठोकाठ.
इंजिनिअरसाहेबांनी मेंढा कापला.
सगळे जेवले. काका नाही.
हात धुऊन बाजूला बसून राहिले,
म्हणाले, हे पाणी माझ्या ओळखीचं आहे.
म्हातारं आहे ते.
त्याची यायची वेळ झाली नव्हती.

माझी बहीण तुर्दूगुल सीमेपलीकडे दिली,
सपाटीवर, खरबुजांच्या गावात.
आमच्याकडे जानेवारी उणे अठ्ठावीस.
राजधानीतून हुकूम येतो, झडपा उघडतात,
टर्बाइन फिरतं, माझा हीटर लाल होतो,
आणि पाणी खाली निघून जातं
तिच्या गोठलेल्या, झोपलेल्या शेतांवरून,
ज्यांना ते तेव्हा नको असतं.
जूनमध्ये ती फोन करते.
तू हिवाळ्यात चहा जरा जास्तच पितेस, म्हणते.
हसते.
मग हसत नाही.

मी काय बोलणार?
झडप माझ्या हातात नाही, आकडा आहे.
ऑफिसला कळवायच्या आधी
तो मी तिला कळवते.
हे नियमात बसत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये पट्टीच संपली.
पाणी शून्याच्या खाली उतरलं.
वर फोन केला : काय लिहू?
म्हणाले, शून्य लिहा.

मी शून्य लिहिलं,
आणि शेजारी, वडिलांच्या सवयीने :
शाळेची पायरी.

दुपारी खाली गेले.
चिखल वाळून त्याच्या थाळ्या झाल्या होत्या,
पावलागणिक करकरत होत्या.
तुतीची खोडं. गिरणीचं अर्धं जातं.
आणि जुन्या पाटाच्या तोंडाशी
एक आडवा दगड, दोन खाचांचा.
त्यावरून पाणी दुभंगायचं,
एक पाळी वरच्या आळीची, एक खालच्या.
आजी सांगायची, भांडणं व्हायची,
पण दगडापाशी येऊन मिटायची.
मी खाचांत बोटं घालून पाहिली.
सारख्या नाहीत.
एक चांगली दीड बोट खोल.
कुठली खाच कोणाची,
हे सांगणारं आता कोणी नाही.
टेकडीवर असतील,
किंवा टेकडीवर न नेलेल्यांत.

आज पहाटे पट्टीला पुन्हा पाणी लागलं.
तुर्दूगुलला फोन लावला.
किती?
चार.
मीटर?
सेंटिमीटर.

ती काही बोलली नाही.
तिच्या अंगणात कोणीतरी बादली खाली ठेवली.
रिकामी.
एवढं मला आवाजावरून कळतं.